विझर्ड की सायॉन? एका भांडणाचा हिशेब

शीर्षक वाचून पान उलटू नका! हा लेख जादूटोण्याचा नाही, बेरीज-वजाबाकीचा आहे. आणि बेरीज-वजाबाकी म्हटली की आपण इंजिनिअरिंगवाले हक्काने पुढे असतो. (माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांनी घेतली आहे. त्यांचे आधीच आभार.)

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एकजण डंजन मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो आणि काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवतात. यात कुणी जिंकत नाही की हरत नाही. मग बॅलन्स हवा कशाला? तर एकाच पात्राने सगळं केलं की बाकीचे चार तास नुसते प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षक दुसऱ्या आठवड्याला येत नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये एकाला सायॉन, म्हणजे मनाच्या शक्तीवर लढणारं पात्र, घ्यायचं होतं. फायटर खेळणारा म्हणाला, "तो आला तर मी नाही." आमचा ग्रुप पाच जणांचा. एक गेला की खेळ बंदच! म्हणून मी कागद-पेन घेऊन बसले.

आम्ही २००३ सालची साडेतीन आवृत्ती खेळतो, कारण तिचे मूळ नियम फुकट मिळतात (विद्यार्थ्यांना आणखी काय हवं?). त्यातला सायॉन २००४ च्या 'एक्स्पांडेड सायॉनिक्स हँडबुक'मधला. पुढचे सगळे आकडे याच आवृत्तीचे.

कूपन आणि रोकड

विझर्डच्या जादूची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातून आली. सकाळी मंत्र पाठ करायचा, एकदा वापरला की तो डोक्यातून जातो. आपण परीक्षेला करतो तेच! मंत्रांच्या १ ते ९ लेव्हल असतात. पात्राचीही लेव्हल असते, म्हणून गोंधळ नको म्हणून मी मंत्राच्या लेव्हलला 'इयत्ता' म्हणते. विझर्डकडे प्रत्येक इयत्तेचे ठरावीक स्लॉट असतात. ही झाली मेसची कूपनं. नाश्त्याच्या कूपनवर जेवण मिळत नाही.

सायॉनकडे मात्र रोकड असते, म्हणजे पॉवर पॉइंट. दर सोपा आहे: इयत्तेची दुप्पट वजा १. पहिलीची शक्ती १ पॉइंटला, तिसरीची ५ ला, नववीची १७ ला. कशावर किती खर्च करायचा ते ऐनवेळी ठरवता येतं. भांडणाचं मूळ इथेच आहे. रोकडवाला कूपनवाल्यापेक्षा श्रीमंत वाटतो. पण तो खरंच श्रीमंत आहे का?

हिशेब पहिला : एकूण साठा

विझर्डचे स्लॉट सायॉनच्या दराने पॉइंटमध्ये मोजू. (बुद्धीमुळे दोघांना जास्तीचं मिळतं ते सोडून देऊ.) विसाव्या लेव्हलला विझर्डकडे पहिली ते नववी प्रत्येक इयत्तेचे ४ स्लॉट असतात. १ पासून १७ पर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज ८१, गुणिले ४ म्हणजे ३२४. सायॉनकडे असतात ३४३. दहाव्या लेव्हलला विझर्डचे होतात ७०, सायॉनचे ८८. म्हणजे सायॉन थोडा पुढे. पण थांबा, निकाल लगेच लावू नका.

हिशेब दुसरा : फुकटची वाढ

विझर्डचा फायरबॉल हा तिसरीचा मंत्र. पाचव्या लेव्हलच्या विझर्डने टाकला तर ५ फाशांचं नुकसान, दहाव्या लेव्हलच्याने टाकला तर १० फाशांचं. स्लॉट तोच! वाढ फुकट मिळाली. सायॉनचा 'एनर्जी बर्स्ट' सुद्धा तिसरीचाच, ५ पॉइंटला ५ फासे. पण १० फासे हवे असतील तर १० पॉइंट मोजावे लागतात. फुकट काही नाही.

आता दहाव्या लेव्हलला तुलना करू. सायॉनचे ८८ पॉइंट, दर वेळी १० गेले तर दिवसात ८ स्फोट. विझर्डकडे तिसरीचे ३, चौथीचे ३ आणि पाचवीचे २ स्लॉट. या सगळ्यांत फायरबॉल भरता येतो, म्हणजे त्याचेही बरोबर ८! वर त्याच्याकडे पहिलीचे ४ आणि दुसरीचे ४ स्लॉट शिल्लक, सायॉनकडे जेमतेम ८ पॉइंट. साठ्यातली ती १८ पॉइंटची आघाडी इथे विरघळून गेली.

शिवाय विझर्ड त्याच्या वहीत सापडतील तेवढे मंत्र उतरवून ठेवू शकतो. सायॉनला विसाव्या लेव्हललाही फक्त ३६ शक्ती येतात.

हिशेब तिसरा : विसरली जाणारी ओळ

मग सायॉनची एवढी बदनामी का? कारण नियमात एक ओळ आहे, आणि बऱ्याच टेबलांवर ती वाचलीच जात नाही: एका वेळी आपल्या लेव्हलपेक्षा जास्त पॉइंट खर्च करता येत नाहीत. दहाव्या लेव्हलला जास्तीत जास्त १०.

ही ओळ काढून टाका आणि बघा. 'एनर्जी रे' ही पहिलीची शक्ती, दर जादा पॉइंटला एक जादा फासा. सगळे ८८ पॉइंट एकदम ओतले तर ८८ फासे. एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे सरासरी नुकसान ३०८. नियमपुस्तकातल्या प्रौढ लाल ड्रॅगनची प्राणशक्ती सरासरी २५३ आहे, आणि तो पंधराव्या लेव्हलच्या टीमसाठी असतो! म्हणजे एका फेरीत गोष्ट संपली. ओळ पाळली तर तोच किरण १० फाशांचा, सरासरी ३५. सर्किटमधला फ्यूज काढून वायरिंगला दोष देण्यासारखं आहे हे.

हिशेब चौथा : दिवसात लढाया किती?

एक फरक मात्र खरा आहे. विसाव्या लेव्हलला सायॉन ३४० पॉइंटमध्ये नववीच्या २० शक्ती वापरू शकतो. विझर्डला नववीचे मंत्र फक्त ४. समजा एक लढाई ५ फेऱ्या चालते. दिवसात एकच लढाई झाली तर सायॉन पाचही फेऱ्या नववीच्या खेळेल आणि वर खूप उरेल. विझर्डसुद्धा ४ नववीचे आणि १ आठवीचा मंत्र टाकेल, म्हणजे तोही मजेतच. आणि फायटर? त्याच्याकडे साठाच नाही. त्याची ताकद ही की तलवार दिवसभर संपत नाही. पण दिवसच ५ फेऱ्यांचा असेल तर त्या ताकदीचा उपयोग शून्य.

याच आवृत्तीत डंजन मास्टरला दिलेला अंदाज असा, की साधारण तुल्यबळ चार सामन्यांत टीमचा दिवसाचा साठा संपावा. चार लढाया म्हणजे २० फेऱ्या. तेव्हा सायॉनकडे ३ पॉइंट उरतात, विझर्डकडे चौथीपर्यंतचे १६ मंत्र, आणि फायटरची तलवार जशीच्या तशी. म्हणजे आमच्या फायटरचं भांडण सायॉनशी नव्हतंच. ते आमच्या 'एक लढाई आणि लगेच झोप' या सवयीशी होतं. हे कागदावर दाखवल्यावर तो म्हणाला, "मग झोपायला देऊ नका त्यांना!" सायॉन बंद करण्यापेक्षा हा उपाय सगळ्यांना पटला.

जुन्या आवृत्त्यांनी काय शिकवलं?

सायॉनिक्स पहिल्यांदा आलं १९७६ च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री'मध्ये. १९७८ च्या नियमांत ते वर्ग म्हणून नव्हतं. फासे नशिबाने पडले तर कुठल्याही वर्गाच्या पात्राला ते वरून बोनस मिळायचं, आणि बोनसला बॅलन्स कसला? २००१ मध्ये उलटं टोक गाठलं. सहा शाखांना सहा वेगवेगळे गुण लागायचे, त्यामुळे सायॉन दुबळा पडला. २००४ मध्ये सगळं बुद्धीवर आणलं आणि गाडी रुळावर आली.

गंमत म्हणजे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विझर्डनेच सायॉनचं तत्त्व उचललं. तिथे फायरबॉल वाढवायचा तर वरचा स्लॉट द्यावा लागतो. फुकटची वाढ बंद! त्याच आवृत्तीत स्लॉटऐवजी पॉइंट वापरायचा पर्याय आहे, पण सहावी आणि त्यावरच्या इयत्तेचा प्रत्येकी एकच मंत्र, मग मोठी विश्रांती घेतल्याशिवाय पुन्हा नाही. म्हणजे तिथेही रोकडीला कुलूप लावावंच लागलं.

थोडक्यात काय, तर तुमच्या टेबलावर सायॉन येणार असेल तर तीन गोष्टी सांभाळा. एक, लेव्हलची मर्यादा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दोन, दिवसात एकापेक्षा जास्त लढाया ठेवा, निदान तशी भीती तरी ठेवा. तीन, जादू अडवणाऱ्या गोष्टींनी मनाच्या शक्तीही अडू द्या. नियमांत मुळात तसंच आहे. 'सायॉनिक्स वेगळं' हा पर्याय घेतलात तर सायॉनला रोखायला कुणीच उरत नाही.

आणि एखादा वर्ग बंद करण्याआधी एकदा कागद-पेन घेऊन बेरीज करून बघा. भांडणात ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं जातं, बेरजेत तसं होत नाही.