संसदेची दोन सभागृहे आणि ‘बौद्ध’ हा एक शब्द

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी जातीच्या दाखल्याची एक प्रत जपून ठेवलेली असते. त्या दाखल्याचा आधार कोणता, असे विचारले तर बहुतेकजण तहसील कार्यालयाचे नाव सांगतात. वस्तुतः त्याचा आधार दिल्लीला, संसदेच्या एका लहानशा अधिनियमात आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील ‘तीन वाचने’ पाठ करून विसरली जातात. म्हणून कायदा कसा होतो हे आम्ही या एकाच उदाहरणावरून मांडू इच्छितो.

संविधानाच्या अनुच्छेद 341 प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती आदेशाने जाहीर करतात. परंतु एकदा जाहीर झालेल्या यादीत भर घालणे अथवा वगळणे हे केवळ संसदेने कायदा करूनच होऊ शकते. 1950 च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात अशी अट होती की, हिंदूंखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. सप्टेंबर 1956 मध्ये संसदेने तेथे शिखांचा समावेश केला. पुढच्याच महिन्यात, 14 ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. नुकत्याच दुरुस्त झालेल्या त्या परिच्छेदात बौद्धांना जागा नव्हती.

याचे परिणाम कागदापुरते राहिले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 पासून राज्य शासनाने नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. पण केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ राज्याच्या हाती नव्हते. 1962 च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातील एका राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याची निवड त्याने बौद्ध धम्म स्वीकारला या कारणाने आव्हानित झाली आणि ‘पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. न्यायालयास शब्द बदलता येत नव्हते. जे शब्द होते त्यांचाच अर्थ त्याने लावला.

शब्द बदलण्याचे स्थान संसद. तिची दोन सभागृहे. लोकसभेत आज 543 सदस्य, जनतेने थेट निवडलेले, मुदत पाच वर्षांची. राज्यसभेत 245, त्यांपैकी 233 राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांचे प्रतिनिधी असून ते विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात, आणि 12 राष्ट्रपती नियुक्त करतात. राज्यसभा विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. 1952 च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभूत झालेले बाबासाहेब याच सभागृहाच्या दाराने संसदेत परतले व महापरिनिर्वाणापर्यंत तेथे होते, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

विधेयक मांडण्यास सभागृहाची परवानगी मिळणे हे पहिले वाचन. दुसरे वाचन खरे कष्टाचे: आधी तत्त्वावर चर्चा, गरज वाटल्यास प्रवर समितीकडे रवानगी, मग एकेका कलमावर, एकेका दुरुस्तीवर मतदान. तिसऱ्यात संपूर्ण विधेयक स्वीकारावे की नाही एवढेच ठरते. यानंतर हाच प्रवास दुसऱ्या सभागृहात पुन्हा होतो. दोहोंचे मत जुळले नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर ती 1961, 1978 आणि 2002 अशी तीनच वेळा कायदा करण्यासाठी भरली. धन विधेयक मात्र लोकसभेतच मांडले जाते आणि राज्यसभेला ते 14 दिवसांत परत करावे लागते. शेवटी राष्ट्रपतींची अनुमती मिळाली की विधेयकाचा अधिनियम होतो.

या तीन वाचनांशी आमच्या परंपरेतील एक गोष्ट ताडून पाहण्याजोगी आहे. भिक्खू संघाच्या महत्त्वाच्या कम्मात प्रथम ‘ञत्ति’ म्हणजे प्रस्ताव मांडला जाई, मग तो तीनदा घोषित होई. कोणी हरकत न घेतल्यास मौन ही संमती. मतभेद झाल्यास शलाका वाटून मते घेतली जात. आजची संसद तेथून निघाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघाच्या या नियमांचा दाखला दिला होता, तो ही रीत भारताला परकी नाही हे दाखविण्यासाठीच.

आता मूळ मुद्द्याकडे. अनुसूचित जातींच्या यादीतील बदलास संविधान दुरुस्तीसारखे दोनतृतीयांश बहुमत लागत नाही. उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे साधे बहुमत पुरते. इतक्या सोप्या कामाला चौतीस वर्षे लागली, याचे दुःख आम्हांस आजही आहे. कायद्याची पद्धत आड आली नाही, इच्छा नव्हती. लोकसभा व राज्यसभा दोन्हींचे सदस्य राहिलेले दादासाहेब गायकवाड आणि रिपब्लिकन पक्ष यांनी 1964 च्या देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहाच्या मागण्यांत बौद्धांच्या सवलतींची मागणी घातली होती. त्याच यादीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याचीही मागणी होती. दोन्ही पूर्ण झाल्या त्या 1990 साली.

त्या वर्षी विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार लोकसभेत बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते आणि राज्यसभेत काँग्रेसचे संख्याबळ मोठे होते. म्हणजे विरोधकांच्या सहकार्याविना दुसऱ्या सभागृहातून काही पार पडणे कठीण. तरी विधेयक दोन्हीकडे संमत झाले आणि 1990 चा 15 वा अधिनियम म्हणून राजपत्रात आले. त्याने तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्या जोडीला बौद्ध हा शब्द घातला. अधिनियम इतका लहान आहे की तो वर्गात वाचून दाखवायला फारसा वेळ लागत नाही.

तेव्हापासून बौद्ध उमेदवारांना राखीव मतदारसंघ खुले झाले. आज लोकसभेत अनुसूचित जातींसाठी 84 जागा राखीव आहेत, त्यांपैकी पाच महाराष्ट्रात. राज्यसभेत एकही नाही.