निरोपातील अक्षरे आणि सौद्याची जबाबदारी

पूर्वी पेढीचा तातडीचा निरोप तारेने जाई. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर तोकडा ठेवण्याची रीत होती. तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तोकडेपणाची रीत मोबाईलने पुढे चालविली. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावतात, देवनागरी अवघी ७०. त्यामुळे शब्दांची आद्याक्षरे लिहिण्याची सवय पडली. व्हॉट्सअ‍ॅपवर जागेची अडचण नाही, तरी सवय कायम आहे.

मित्राने 'एलओएल' लिहिले, म्हणजे त्याला खूप हसू आले. हा अर्थ न कळला तरी काही बिघडत नाही. सौद्याच्या निरोपाचे मात्र तसे नाही. कारागीर व व्यापारी बंधूंनी पुढील अक्षरे नीट समजून घ्यावीत.

एमओक्यू : कमीत कमी इतका माल घ्यावाच लागेल.

एएसएपी : शक्य तितक्या लवकर. ही तारीख नव्हे. तारीख विचारून घ्यावी.

ईटीए : माल पोहोचण्याची अंदाजी वेळ. हा वायदा नव्हे.

ईओडी : आजचा दिवस संपेपर्यंत. पण दिवस कोणाचा? दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे.

टीबीसी : अजून पक्के व्हायचे आहे. भावापुढे ही अक्षरे असतील तर त्या भावावर कच्चा माल खरेदी करू नये.

पीआय : प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे विक्रीपूर्वी दिलेला हिशेब. हे जीएसटीचे पक्के बिल नव्हे.

एफओबी : ठरलेल्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च व जोखीम विकणाऱ्याची, पुढील भाडे घेणाऱ्याचे.

सीआयएफ : समुद्रभाडे व विमा विकणारा भरतो. पण जोखीम माल जहाजावर चढताच घेणाऱ्याकडे जाते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

अक्षरेच काय, एखादे चिन्हही महागात पडते. कॅनडातील एका धान्य खरेदीदाराने २०२१ मध्ये सुमारे ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला मोबाईलवर पाठवून पक्के करण्यास सांगितले. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह पाठविले. पुढे भाव चढले आणि माल मिळाला नाही. करार मिळाला एवढेच आपण कळविले होते, असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. सस्कॅचवान प्रांताच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ते चिन्ह म्हणजे सहीच मानली आणि ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलरची भरपाई ठरविली. त्या दोघांत पूर्वीही 'ओके', 'यप' अशा उत्तरांवर सौदे झाले होते, ही बाब निर्णायक ठरली.

आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार, करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो निरर्थक ठरत नाही.

म्हणून निरोप नुसता पोहोचला असेल तर 'मिळाला, पाहून कळवितो' असे स्पष्ट लिहावे. अक्षरे कळली नाहीत तर विचारण्यात कमीपणा मानू नये. सौदा ठरल्यावर नग, भाव, जीएसटी, वाहतूक खर्च, तारीख व पैशांची मुदत पूर्ण शब्दांत लिहून समोरच्याचा होकार घ्यावा आणि पैसे चुकते होईपर्यंत तो निरोप मोबाईलमधून पुसू नये.