मेंढीच्या कातड्याची टोपी

व्यक्तिचित्र पूर्वी बहुधा धनिकाचे काढले जाई, कारण पैसे देणारा तोच असे. युक्रेनी चित्रकलेत या प्रकाराला निराळे वळण लागले ते तारास शेवचेन्को (१८१४-१८६१) याच्यामुळे, असे मला वाटते.

शेवचेन्को एका जमीनदाराचा भूदास होता. रशियन चित्रकार ब्रूलोव्ह याने कवी झुकोव्हस्कीचे व्यक्तिचित्र काढले. १८३८ साली त्या चित्राची सोडत झाली आणि २,५०० रूबल भरून शेवचेन्कोला मुक्त करण्यात आले. पुढे तो पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिकला. १८४७ मध्ये युक्रेनी कवितांपायी त्याला हद्दपार केले गेले, लिहिण्यास व चित्रे काढण्यास मनाई झाली. तरीही तो लपूनछपून स्वतःचा चेहरा रेखाटीत राहिला.

१८६० साली त्याच अकादमीने कोरीवकामासाठी त्याला 'अकादमीशियन' हा किताब दिला. त्या वर्षीच्या एका अम्लरेखनात तो मेंढीच्या कातड्याची टोपी व तसाच कोट घालून आपल्याकडे पाहतो. किताब राजधानीचा, पण पोशाख गावाकडचा! त्याच्या मृत्यूनंतर, १८७१ मध्ये, क्रामस्कॉयने त्याला याच वेषात रंगविले. १८७६ साली झारने युक्रेनी भाषेतील बहुतेक छपाई बंद केली. त्या काळात असा चेहरा हीच लोकांची ओळख ठरली.

कॉलेजच्या अर्जावरील फोटोसाठी मी शेजाऱ्यांचा कोट मागून आणला होता. वडिलांची टोपी खुंटीवरच राहिली. परवा तो फोटो पुन्हा पाहिला. कोट तेवढा ओळखीचा वाटला.