नोकरीतला नकार आणि दुसरा बाण

विहारात दर रविवारी वंदनेला येणारा एखादा तरुण अचानक यायचा बंद होतो. चौकशी केली तर कळते की तो आजारी नाही. त्याची मुलाखत पुन्हा एकदा फुकट गेली आहे. भेटेल तो "काय झाले?" असे विचारतो, म्हणून त्याने माणसेच टाळली आहेत. अशा उपासकाला धम्म काय सांगतो, याचा विचार या पाठात करू.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी बाणाचा दृष्टांत दिला आहे. एका माणसाला बाण लागतो आणि पाठोपाठ दुसरा बाण लागतो. ज्याने धम्म ऐकला नाही, तो दोन्ही बाणांची वेदना भोगतो. ज्याने ऐकला आणि आचरला, त्याला एकच बाण लागतो. पहिला बाण त्यालाही चुकत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून नकार मिळाल्यावर वाईट वाटणे हा दुबळेपणा नव्हे. हातची संधी जाते, घरभाडे थकलेले असते, वयाची अट जवळ येत असते. ही वेदना खरी आहे.

दुसरा बाण मात्र आपणच मारून घेतो. "मी नालायक आहे," "आईबापाला तोंड कसे दाखवू," "माझ्या नशिबातच नाही," असे मन बोलू लागते. एका जागेला नकार मिळालेला असतो. आपण तो सबंध आयुष्याला मिळाला असे धरून चालतो.

"नशीब" या शब्दाकडे नीट पाहू या. याच निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते काय? बुद्ध ते मत नाकारतात आणि शरीराची प्रकृती, ऋतुबदल, बाहेरून झालेला आघात अशी इतर कारणेही सांगतात. तेव्हा नकाराचेही खरे कारण शोधले पाहिजे. कधी तयारी अपुरी असते. कधी एका जागेला हजारो अर्ज येतात. आणि कधी अन्याय होतो. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठविले होते. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच भरले. ज्याचा दोष त्याच्या पदरी घालावा. दुसऱ्याचा दोष आपल्या शिरावर घेऊ नये.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 1917 मध्ये परदेशी शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहण्यास जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आले. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. तिथे त्यांना आईवडिलांची आठवण आली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पहिला बाण त्यांनाही लागला होता. पण ते तेथेच थांबले नाहीत. 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि 1920 मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले. बडोद्याचा अन्याय त्यांनी गिळून टाकला नाही. त्याविरुद्ध आयुष्यभर लढले.

आता आचरणाकडे वळू. सम्यक व्यायामाची चार अंगे येथे उपयोगी पडतात.

नकार कळला त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये. थोडा वेळ श्वासावर लक्ष ठेवून बसावे. "हे दुःख आहे, ही लाज आहे, हा राग आहे," असे ओळखावे. उत्पन्न झालेला अकुशल विचार ओळखला की त्याची पकड सैल होते.

दुसऱ्या दिवशी वही घ्यावी. आपल्या हातचे काय होते आणि काय नव्हते, ते दोन रकान्यांत लिहावे. सरकारी भरती असेल तर माहितीच्या अधिकाराखाली आपले गुण मागावेत. हाताबाहेरचे सोडून हातचे सुधारावे. हे नवे कुशल उत्पन्न करणे होय.

मित्राला नोकरी लागली की मन जळते. ती आग मनात शिरण्याआधी त्याला भेटून आनंद व्यक्त करावा आणि त्याने तयारी कशी केली ते विचारावे.

रोजची वेळ, अभ्यास, व्यायाम आणि विहार सोडू नये. असलेले कुशल टिकविणे हाही प्रयत्नच आहे. जगणेच नको असे वाटू लागले, तर त्याच दिवशी कल्याणमित्राला सांगावे किंवा 14416 या टेली-मानस क्रमांकावर बोलावे.

घरच्यांनी आणि विहारातील मंडळींनीही एक पथ्य पाळावे. रोज निकाल विचारू नये, "जेवलास का?" असे विचारावे. कोणाच्या ओळखीत जागा असेल तर ती सांगावी. संघाला शरण जाणे म्हणजे पडत्या काळात एकमेकांना धरून राहणेही होय.

अभ्यासासाठी प्रश्न
1. मागच्या नकारात पहिला बाण कोणता होता आणि दुसरा कोणता?
2. नकाराचे कारण नशिबावर ढकलल्याने कोणते नुकसान होते?
3. आपल्या विहारात नोकरी शोधणाऱ्यांसाठी या महिन्यात काय करता येईल?