जग्वार कुठली?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी विचारले, "जग्वार ही स्पोर्ट्स मोटार कुठली?" निम्मा वर्ग म्हणाला, इंग्लंडची. उरलेल्यांनी सांगितले, टाटांची, म्हणजे आपलीच. देवरीच्या महामार्गावर रात्रंदिवस टाटांचे ट्रक पाहत वाढलेला मी अर्थातच दुसऱ्या गटात होतो. सर म्हणाले, "मालक विचारला नाही. गाव विचारले." त्या गावाचा शोध घेता जे हाती आले ते येथे मांडतो.

आरंभ 1922 साली ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी झाला, आणि तोही मोटारीने नव्हे. विल्यम लायन्स व विल्यम वॉम्सली हे दोघे तरुण मोटारसायकलीच्या साइडकार बनवीत. 1928 मध्ये त्यांनी बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हलविले. हे शहर आधी घड्याळांचे, मग शिवणयंत्रांचे, मग सायकलींचे. मोटार तेथे सर्वांत शेवटी आली. बारीक कामाला सरावलेले हात आणि सुटे भाग पुरविणारे कारखाने शेजारीच मिळत. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हेच स्थलांतर खरे महत्त्वाचे होय. 1948 साली 'एक्सके 120' निघाली. 120 हा तिचा ताशी मैलांचा वेग. पुढे कारखाना त्याच शहरातील ब्राउन्स लेनला गेला आणि 1961 पासून तेथे जगप्रसिद्ध 'ई-टाइप' बनू लागली.

1989 मध्ये फोर्डने ही कंपनी विकत घेतली. 2005 साली ब्राउन्स लेनची मोटारजुळणी थांबली व स्पोर्ट्स मोटार बर्मिंगहॅमच्या कॅसल ब्रॉमविचला गेली. महायुद्धात स्पिटफायर विमाने बनली ती हीच जागा!

जून 2008 मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर मिळून 230 कोटी डॉलरना घेतल्या. मालक मुंबईचा झाला, पण गाव? 2013 साली महागड्या तयार मोटारींवरील आयात शुल्क 75 वरून 100 टक्के झाले. सुट्या भागांवर ते पुष्कळच कमी. त्याच वर्षी 'एक्सएफ' ही जग्वारची सेदान पुण्यात जोडली जाऊ लागली. त्याच वर्षी बाजारात आलेली 'एफ-टाइप' ही स्पोर्ट्स मोटार मात्र कॅसल ब्रॉमविचहून तयारच येत राहिली. तिचा ॲल्युमिनियमचा सांगाडा रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडलेला; इकडे गिऱ्हाईक मूठभर. तेवढ्यासाठी वेगळी यंत्रसामग्री मांडणे कोणाला परवडणार?

म्हणजे पुण्यात आली ती जुळणी, आणि तीही शुल्काच्या ओढीने. 2025 च्या जुलैमध्ये भारत-ब्रिटन करार झाला. त्यात ठरावीक संख्येच्या मोटारींवरचे शुल्क पायरीपायरीने 10 टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. ही ओढ सैल झाल्यावर त्या जुळणीचे काय, हा प्रश्न पुण्याच्या कामगाराला आमच्या वर्गापेक्षा अधिक जवळचा आहे.

चाचणीच्या वहीत मी उत्तर लिहिले : कॅसल ब्रॉमविच. सरांनी तांबड्या शाईने पुढे जोडले : "2024 पर्यंत." त्या वर्षी एफ-टाइप बंद झाली. विजेवर चालणारी नवी जग्वार सॉलिहलला बनणार, असे कंपनीने जाहीर केले आहे.