स्क्रू कॉम्प्रेसरची नियंत्रण यंत्रणा आणि लघुउद्योगांतील वीजबचत

लुधियानातील सायकलच्या सुट्या भागांचा कारखाना असो, कोइम्बतूरमधील पंपनिर्मितीचा उद्योग असो की इचलकरंजीतील एअरजेट मागांची शेड असो, दाबाखालील हवेवाचून तेथील काम चालत नाही. हवा निसर्गातून फुकट मिळते. मात्र तिच्यावर दाब देण्यासाठी लागणारी वीज महाग असते. कॉम्प्रेसरला पुरविलेल्या ऊर्जेपैकी साधारणपणे १० ते ३० टक्केच ऊर्जा प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी उपयोगी पडते. उरलेली ऊर्जा मुख्यतः उष्णतेच्या, तसेच घर्षणाच्या व गळतीच्या रूपाने वाया जाते. हा अपव्यय किती होणार, हे बऱ्याच अंशी यंत्राच्या नियंत्रण यंत्रणेवर अवलंबून असते. म्हणून ही यंत्रणा कशी चालते, हे लघुउद्योजकाने समजून घेणे आवश्यक आहे.

यंत्राची रचना

स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये मळसूत्राच्या आकाराचे दोन दंड एकमेकांत गुंतून उलटसुलट दिशांना फिरतात. त्यांच्या खाचांमध्ये शिरलेली हवा पुढे सरकताना आक्रसत जाते व तिचा दाब वाढतो. उद्योगांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात या दंडांवर सतत तेल सोडले जाते. हे तेल वंगणाचे काम करते, फटी बुजविते आणि उष्णताही वाहून नेते. पुढे विलगक टाकीत हवा व तेल वेगळे होतात. टाकीच्या तोंडाशी असलेली किमान दाबाची झडप आतील दाब सुमारे ४ बार झाल्याखेरीज हवा बाहेर सोडत नाही. तेल खेळते ठेवणारी शक्ती टाकीतील दाबातूनच मिळत असल्याने ही व्यवस्था अत्यावश्यक ठरते.

नियंत्रणाचा क्रम

यंत्र सुरू होताना हवा आत घेणारी झडप बंद असते, त्यामुळे मोटरवर भार येत नाही. मोटरने पूर्ण वेग घेतला की नियंत्रक विद्युत-चुंबकीय झडपेला आदेश देतो, हवेची झडप उघडते आणि यंत्र भारावर येते. वाहिनीतील दाब संवेदकाकडून नियंत्रकाला सतत कळत असतो. समजा, वरची मर्यादा ७.५ बार व खालची ६.५ बार ठेवली आहे. दाब ७.५ बारवर पोहोचताच हवेची झडप मिटते, टाकीतील दाब हळूहळू सोडला जातो आणि मोटर रिकामी फिरू लागते. दाब ६.५ बारपर्यंत उतरला की यंत्र पुन्हा भार घेते. ठरवून दिलेल्या मिनिटांत मागणी आलीच नाही, तर नियंत्रक मोटर थांबवितो. ती लगेच न थांबविण्याचे कारण असे की, वारंवार सुरू होताना लागणाऱ्या मोठ्या प्रवाहामुळे मोटर तापते.

सुरक्षेची जबाबदारीही नियंत्रकाकडेच असते. तेलमिश्रित हवेचे तापमान साधारणतः ११० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यास, मोटरवर अतिभार आल्यास किंवा विजेच्या फेजचा क्रम उलटल्यास तो यंत्र बंद करतो.

रिकाम्या फिरण्याची किंमत

रिकामी फिरणारी मोटरसुद्धा पूर्ण भाराच्या सुमारे २५ ते ३५ टक्के वीज घेते. एक उदाहरण पाहू. ३७ किलोवॉटचे यंत्र दिवसाला २० तास चालते व त्यापैकी ८ तास रिकामे फिरते, असे मानू. रिकाम्या अवस्थेत ११ किलोवॉट वीज लागत असेल, तर दररोज ८८ युनिट आणि ३०० दिवसांत २६,४०० युनिट खर्ची पडतात. प्रतियुनिट ८ रुपये दर धरला, तर ही रक्कम २ लाख ११ हजार रुपयांहून अधिक होते. या खर्चातून हवेचा एक घनफूटही मिळालेला नसतो.

यावर उपाय आहेत. हवा साठविणारी टाकी पुरेशी मोठी असल्यास भार घेण्याचे व सोडण्याचे फेरे कमी होतात. मागणी सतत बदलत असेल, तर मोटरचा वेग मागणीनुसार कमीजास्त करणारे यंत्र लाभदायक ठरते. मागणी जवळजवळ स्थिर व पूर्ण क्षमतेची असेल, तर त्याचा विशेष उपयोग होत नाही. अनेक कॉम्प्रेसर असतील तेथे एका सामाईक नियंत्रकाने त्यांचा क्रम ठरवावा, म्हणजे एकाच वेळी सर्व यंत्रे अर्धवट भारावर राहत नाहीत.

दाब वाढविणे हा उपाय नव्हे

टोकाच्या यंत्राला हवा कमी पडते, अशी तक्रार आली की नियंत्रकावरील दाब वाढविण्याची प्रथा अनेक कारखान्यांत दिसते. मात्र दाब १ बारने वाढविल्यास विजेचा वापर साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढतो, शिवाय गळतीही वाढते. खरे कारण बहुधा अरुंद वाहिनी, तुंबलेली गाळणी किंवा फुटका होज यांत सापडते.

गळती मोजण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सुटीच्या दिवशी हवा वापरणारी सर्व यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर चालवावा आणि तो किती वेळ भारावर व किती वेळ रिकामा राहतो, हे घड्याळाने मोजावे. तो २ मिनिटे भारावर आणि ६ मिनिटे रिकामा राहत असेल, तर क्षमतेच्या एकचतुर्थांश, म्हणजे २५ टक्के हवा गळत आहे. दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा करून फरक नोंदवावा.

धोरण आणि उद्योजक

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. ब्युरोच्या परीक्षेतून प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक तयार होतात. एअर कॉम्प्रेसरसाठी ऐच्छिक स्टार लेबल योजनाही २०२१ मध्ये सुरू झाली. तथापि कार्यक्षम यंत्र खरेदी केल्याने काम संपत नाही. त्याच्या नियंत्रकावर एकूण तास व भारावरील तास यांची नोंद असते. हे दोन आकडे दर आठवड्याला वहीत उतरविले, तर वीज कोठे वाया जाते याचा पहिला सुगावा लागतो. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. ही नोंद ठेवणाऱ्या कामगाराला तिचा अर्थ समजावून देणे मात्र आवश्यक आहे.