मित्राचें चित्र

परक्या मनुष्याचा चेहरा काढणें कठीण खरें. पण मित्राचा चेहरा काढणें त्याहून कठीण होय. परक्याकडे आपण निरखून पाहतों. मित्राकडे मात्र रोजच्या सहवासामुळें पाहिनासे होतों. मग डोळ्यांस जें दिसतें तें बाजूला राहून मनांत जें बसलें आहे तेंच हात कागदावर उतरवूं लागतो. म्हणून मित्राचें चित्र काढणें म्हणजे त्याला पुनः नव्यानें पाहावयास शिकणेंच आहे.

प्रथम त्यास खिडकीपाशीं असा बसवावा कीं, उजेड एकाच बाजूनें येईल. म्हणजे नाकाची व हनुवटीची छाया पडून चेहऱ्याचे उंचसखल भाग स्पष्ट होतात. नंतर फिकट रेघांनीं डोक्याचा अंडाकृति घाट आंखावा. टाळूपासून हनुवटीपर्यंतचें जें अंतर, त्याच्या सुमारें मध्यावर डोळे येतात. नवशिके ते फार वर काढतात व त्यामुळें कपाळ आंखूड होतें. आतां आपले डोळे अर्धवट मिटून पाहावें. पापण्या, केंस वगैरे बारकावे लोपून उजेडाचे व सावलीचे मोठे भाग तेवढे दिसतील. ते आधीं भरावे, बारकावे मागाहून. मित्राला मधून मधून विसांवा द्यावा. कारण अवघडून बसलेल्याच्या चेहऱ्यावर त्याचा स्वभाव दिसत नाहीं.

इतकें साधलें म्हणजे चित्र हुबेहूब होईल. पण पुरें होईल काय? या प्रश्नाचा विचार डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानें केला होता. १८८८ सालीं तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गांवीं राहत असे. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत आपला भाऊ थिओ यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें एका चित्रकार मित्राचें चित्र काढण्याचा बेत कळविला. आधीं मित्र जसा आहे तसाच, होईल तितक्या प्रामाणिकपणें काढावयाचा. मग त्याच्या केंसांचा पिवळा रंग वाढवीत नारिंगीपर्यंत न्यावयाचा. आणि डोक्यामागें खोलीची साधी भिंत न दाखवितां गर्द निळें, अनंत आकाश रंगवावयाचें, असा तो बेत होता.

सप्टेंबरच्या आरंभीं बेल्जियन चित्रकार यूजेन बोक हा मित्र त्याच्यासमोर बसला. त्या चित्रांत बोकचा निमुळता चेहरा व पिवळसर कोट असून पाठीमागें चांदण्यांनीं भरलेलें निळें आकाश आहे. ही केवळ लहर नव्हे. निळा व नारिंगी हे परस्परविरोधी रंग आहेत. ते शेजारीं आले कीं एकमेकांस उजळतात. म्हणूनच काळोख्या निळ्यापुढें तो चेहरा दिव्यासारखा दिसतो. मित्राविषयींचा आदर चित्रकारानें असा रंगांतून व्यक्त केला.

व्हॅन गॉगनें हें चित्र आपल्या निजावयाच्या खोलींत लाविलें. त्याच वर्षीं त्यानें त्या खोलीचें जें प्रसिद्ध चित्र काढलें, त्यांतील भिंतीवरही तें दिसतें. तो १८९० सालीं वारला. बोक १८८८ नंतर पुष्कळ वर्षें जगला व १९४१ सालीं वारला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें तें चित्र फ्रान्सला मिळालें आणि आज तें पॅरिस येथील ओर्से संग्रहालयांत आहे.

विद्यार्थ्यांनीं या उदाहरणांतील क्रम ध्यानांत ठेवावा. आधीं सत्य, मग प्रेम. मित्राच्या गालावरील व्रण किंवा पुढें आलेले दांत लपवून काढलेलें चित्र सुंदर होईल, पण तें त्याचें होणार नाहीं. उलट, नुसतें मोजमाप करून काढलेल्या चित्रांत आपली मैत्री दिसणार नाहीं. मित्र खरोखर आहे तसा आपण स्वीकारला आहे काय, हें पेन्सिल हातीं घेतल्यावर लवकरच कळून येतें. पालकांनींही पुढील सुटींत मुलांस कागद व कोळसा द्यावा, आणि जमल्यास अर्धा तास स्वतः त्यांच्यासमोर बसावें.